शोकवहीतलं कापलेलं पान

"तुमचं पेन रडून रडून आटलंय हो."

त्याने पेन माझ्यासमोर धरलं आणि मी मान वर केली. निळा मफलर, भुरभुर पावसाने ओले झालेले खांदे. मागे रांगेत शंभरेक माणसं, सगळ्यांचे डोळे सुजलेले. याचे मात्र... हसत होते. तेही असे, की रडणाऱ्याला राग येऊ नये.

"सकाळपासून हे तिसरं," दुसरं पेन देत मी म्हटलं. "लोक फार दाबून लिहितात."

"हलक्या हाताने कसं लिहितील?" मग तो जरा वाकला. "आणि टेबलाखाली कोण राहतं?"

"माझी मुलगी. खारू. शाळेला सुट्टी आहे तिला."

"हिचे कपाळावरचे केस कुणी कापले?"

"मीच... का?"

"नाही, सहज विचारलं. तेव्हा तुम्ही रागात होतात का?"

टेबलाखालून खारू खुदकन हसली. मला हसू आलं नाही, असं मी अजूनही सांगते.

बाईंना जाऊन तेव्हा एकच दिवस झाला होता. एवढी मोठी गायिका, जन्म आमच्या गावातला. म्हणून ग्रंथपालांनी वाचनालयाच्या पुढच्या दालनात शोकवही ठेवली. दहा दिवस ती इथे राहणार, मग बाईंच्या धाकट्या बहिणीच्या हाती जाणार. वहीजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं. पेनं बदलायची, शाई टिपायची, आणि संध्याकाळी दार लावलं की सगळी पानं वाचायची. कुणी अचकट-विचकट लिहिलं असेल तर ते पान ब्लेडने मुळाशी कापायचं आणि कारण यादीत लिहायचं. प्रत्येकाला वेगळं पान, नाव घालायची सक्ती नव्हती.

वहीमागे बाईंचा फोटो होता. बाई गेल्या सत्तरीत, पण फोटो पंचविशीतला. मान किंचित कललेली, कानात एकच मोती दिसतोय... फोटोकडे पाहून बायकासुद्धा केस सारखे करायच्या.

लोक रडत होते, तसं मजेशीरही लिहीत होते. 'बाई, तुमच्या गाण्यामुळे माझं लग्न जमलं. तरी मी तुम्हांला माफ करतो.' एकीने चक्क विचारलं होतं, 'आता भाजी चिरताना कुणाच्या मागे गायचं मी?' वाचता वाचता मी पान उलटायची विसरायचे, आणि मग यायची जळजळ.

कारण माझा नवरा गेला, तेव्हा अकरा माणसं आली होती. दोन वर्षं झाली त्याला. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. गावातली निम्मी माणसं त्याने वरखाली नेली असतील. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी तशीच लिफ्टमध्ये शिरली, बटण दाबलं, वर गेली. मलाही रडायला फुरसत कुठे होती? खारूला ताप होता. तेव्हापासून तिच्या शाळेतून फोन आला की मी पहिल्याच घंटीला उचलते, आणि रात्री खिडकीची कडी मी तीनदा तपासते. माणूस असा निघून जातो आणि जगाची लिफ्ट थांबत नाही. बाईंसाठी मात्र रांग पार चौकापर्यंत गेली होती.

मेलेल्या बाईचा हेवा करू नये, कळतं मला. शिकलेली आहे मी.

दुसऱ्या दिवशी मफलर पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. रोज साडेअकराला, रांग धरून, टेबलाशी येऊन अर्धं पान लिहायचा. बोटं लांब, नखं इतकी स्वच्छ की माझीच मला लपवावीशी वाटायची. जवळ आला की साबणाचा मंद वास यायचा. लिहिताना मध्येच थांबून डोळे मिटायचा, जणू कुणीतरी कानात सांगतंय...

पाचव्या दिवशी मी बोललेच. "तुमचं अजून संपलं नाही वाटतं?"

"बरंच शिल्लक आहे. कंटाळलात मला?"

"मला काय करायचंय? वही वाचनालयाची, मन तुमचं."

"पेन तरी तुमचं आहे," तो म्हणाला. "आज चांगलं चालतंय. माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलंत का?"

ठेवलं होतं. "छे," मी म्हटलं.

तेवढ्यात खारू टेबलाखालून डोकावली. त्या आठवड्यात तिला नव्या माणसाला एकच गोष्ट सांगायची असायची. "माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आता ते नाहीत."

मला वाटलं, आता हा 'अरेरे' म्हणणार, सगळेच म्हणतात. तो उकिडवा बसला. "लिफ्ट अडकली की आत शिरून?"

"वरून. दोरीला बघून."

"मग घाबरायचे नाहीत?"

खारूने माझ्याकडे पाहिलं. गेल्या दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "घाबरायचा," मी म्हटलं. "घरी येऊन सांगायचा फक्त."

त्याने मान हलवली, आणि जाताना पेन नीट टोपण लावून ठेवलं.

त्या दिवसापासून दार लागायची मी वाट पाहायचे. कामासाठी नाही, त्याचं पान वाचायला. आणि वाचलं की वाईट वाटायचं. 'तुझं गाणं लागलं की मी गच्चीवर एकटा असून एकटा नसायचो.' दुसऱ्या पानावर, 'बायकोशी भांडलो की तुझी तबकडी लावायचो, ती ओळखायची, हा माफी मागतोय.' म्हणजे बायको होती? आहे? दोन ओळी मी चारदा वाचल्या. मग फोटोतल्या बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहून हसत होत्या.

नवव्या दिवशी मी घरून निघताना आरशासमोर दोनदा उभी राहिले. खारूने विचारलं, "आज फोटो काढणारेत का तुझा?"

तो आला, लिहिलं. पण त्या दिवशी माझ्याशी काही बोलला नाही. डोळे ओले होते त्याचे. पहिल्यांदाच.

संध्याकाळी मी पान उघडलं.

'तुझ्या दाराच्या पायरीवर मी भिजत उभा होतो. तुझा रियाज ऐकायला. तू खिडकी उघडलीस, काही न बोलता छत्री खाली टाकलीस आणि खिडकी लावून घेतलीस. ती छत्री मी अजून उघडलेली नाही. उघडली तर तुझा हात त्यावरून निघून जाईल.'

बाई सत्तरीच्या, हा पस्तिशीचा. हिशोब जुळत नव्हता. पण मत्सराला कुठे हिशोब येतो? मला फक्त पंचविशीतला तो मोती दिसत होता, आणि खिडकीतून बाहेर आलेला एक हात. माझ्यासाठी कुणी असं जन्मभर काही मिटून ठेवणार नव्हतं. माझ्या नवऱ्यासाठी मीही ठेवलं नव्हतं. त्याची छत्री मी रोज वापरते.

मी ब्लेड घेतलं. पान मुळाशी कापलं. यादीत कारण लिहिलं, 'अति वैयक्तिक'. आणि पान रद्दीत न टाकता पर्समध्ये ठेवलं.

दहावा दिवस. चार वाजता बाईंची बहीण वही न्यायला येणार होती. रांग ओसरली होती. साडेअकरा वाजून गेले, बारा झाले, तो आला नाही. बरंच झालं, असं मी मनाशी म्हणत होते आणि दर मिनिटाला दाराकडे बघत होते.

तीनला आला. चाकांची खुर्ची ढकलत. खुर्चीत ऐंशी-पंच्याऐंशीचे एक आजोबा, दाढी अशी गुळगुळीत की गाल चमकत होते. मांडीवर एक जुनी काळी छत्री. मिटलेली. तिचा चाप गंजून गेलेला.

मी वही जवळ ओढली.

"यांना त्यांचं पान बघायचंय," मफलर म्हणाला. "कालचं."

"यांचं...?"

"यांचंच. माझं नाही हो, माझं एकही नाही. कोपऱ्यावरचं सलून माझं. रोज सकाळी वृद्धाश्रमात दाढ्या करायला जातो. या म्हाताऱ्यांना रांगेत उभं राहवत नाही, हात थरथरतात. गालाला साबण लावला की बोलतात सगळे. वस्तरा मानेवर असताना माणूस खोटं बोलत नाही. मग विसरायच्या आत इथे धावत यायचो."

"आणि नाव?"

"नाव नको म्हटलं मी," आजोबा खाकरले. "सूनबाई गावातच असते, येऊन वाचेल सगळं. काढ पोरी पान. चष्मा पुसून आणलाय."

मी वही उघडली. पानं उलटली. कालच्या साडेअकराच्या पानाची जागा आली... आणि तिथे शिवणीतून बाहेर आलेली कागदाची अरुंद पट्टी. सरळ, स्वच्छ कापलेली.

आजोबांनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं. "इथे होतं?"

मी तोंड उघडलं. "आमच्याकडे नियम आहे, अति वैयक्तिक असेल तर वरून..." आणि मफलरकडे पाहिलं. तो वाट पाहत होता, जशी लिहिताना मध्येच थांबून पाहायचा.

"नाही," मी म्हटलं. "वरून कुणी सांगितलं नाही. मी कापलं. मला वाटलं हे... यांनी लिहिलंय. आणि मला सहन झालं नाही."

"काय सहन झालं नाही?" आजोबांनी कानाला हात लावला.

आता हे मोठ्याने सांगायचं! "हेवा वाटला मला, आजोबा. बाईंचा."

मग आजोबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "माझ्या प्रेमावरून कुणीतरी जळलं! या वयात! अरे, ऐकलंस का तू?"

"ऐकलं," तो म्हणाला. कान लालबुंद झाले होते त्याचे. "दोनदा ऐकलं तरी चालेल."

मी पर्समधून पान काढलं, डिंकाची बाटली आणली. मी डिंक लावला, कडा त्याने धरली. आजोबांनी चिकटवलेलं पान ओठ हलवत वाचलं. संपल्यावर बाईंच्या फोटोकडे पाहून एवढंच म्हणाले, "पोहोचलं हं."

"आजोबा, ही उघडते का?" खारूने छत्रीला हात लावला.

"बघ बरं तूच. आता सांगून झालंय माझं."

गंजलेला चाप करकरला. छत्री उघडली तेव्हा कापडाला इतकी भोकं होती की खारूच्या अंगावर उजेडाचे ठिपके सांडले. ती ते ठिपके पकडत दालनभर फिरली. आजोबांची खुर्ची तिच्या मागे वळत राहिली.

"चारला अजून वीस मिनिटं आहेत," मफलर हळूच म्हणाला. वहीतलं शेवटचं कोरं पान समोर घेऊन त्याने पेन उघडलं. "आता तुमचं."

"मी बाईंची एवढी चाहती नाही हो."

"बाईंचं नाही. लिफ्टवाल्यांचं."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. "हे या वहीत नाही चालणार."

"ब्लेड आहे ना तुमच्याकडे? मग कापून घ्या. आधी सांगा."

मी सांगत गेले. नवरा घरी जिना चढूनच यायचा, दिवसभर लिफ्टमध्ये राहून कंटाळा येतो म्हणून. ग्रीसचा डाग पडलेला शर्ट मी अजून धुतलेला नाही, असं म्हणाले आणि दचकले. ते माझ्याही लक्षात नव्हतं. म्हणजे मिटून ठेवलेलं काहीतरी होतं माझ्याकडे. मग मी रडले. दोन वर्षांचं. मफलरने एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही, फक्त लिहीत राहिला, आणि दाबून लिहीत होता.

ते पान मी कापलं. या वेळी यादीत काही लिहिलं नाही.

वही गेली. फोटो उतरला. टेबल एकदम उघडंबोडकं दिसायला लागलं. आजोबांना गाडीत बसवून तो परत आला, दारात घुटमळला.

"उद्यापासून वही नाही," तो म्हणाला. "मग साडेअकराला मी यायचं कुठे?"

"लोक वाचनालयात पुस्तकं न्यायला येतात... असं ऐकलंय."

"सभासद व्हायला काय लागतं?"

मी अर्ज पुढे केला. "ओळख देणारा एक सभासद."

"मला ओळखणारं इथे कोण आहे?"

मी पेन घेतलं. तेच, वेगळं काढून ठेवलेलं. ओळख देणाऱ्याच्या रकान्यात सही केली. 'किती काळापासून ओळखता' इथे लिहिलं, दहा दिवस. पुढचा रकाना आला, 'अर्जदाराशी नातं'. माझं पेन थबकलं.

तो टेबलावर झुकला. साबणाचा वास आला.

"तो रकाना राहू दे रिकामा," तो म्हणाला. "आधी खारूचे केस सरळ कापून देतो. मग बघू..."

"रिकाम्या रकान्याचा अर्ज ग्रंथपाल परत पाठवतात."

"मग तर रोज यावं लागेल."

टेबलाखालून खारूचा आवाज आला. "आई, तू हसतेयस."

या वेळी मी नाही म्हटलं नाही.