जादूघराच्या दाराबाहेर

स्लॅब टाकला की पहिल्या रात्री साइटवर कुणीतरी झोपायचं असतं. सावेडीच्या त्या बंगल्यावर आम्ही तिघं होतो. मी, करण आणि रंभाजी तात्या. तात्या आमच्यातले सगळ्यांत जुने गवंडी. लाइट गेली होती. करणनं फळ्यांच्या तुकड्यांची शेकोटी केली आणि तात्यांच्या मागं लागला, "तात्या, भुताचं सांगा की एखादं."

"भूतबित मला ठाऊक न्हाई," तात्या म्हणाले. "गोरक्षनाथाचं ठाऊक हाय. माझ्या हाताखाली शिकला त्यो. खोटं बोलत न्हाई. बोलाया गेला तरी त्याला जमत न्हाई."

मग तात्यांनी सांगितलं ते असं.

चौऱ्याण्णव सालचा डिसेंबर. चंपाषष्ठीच्या आदली रात्र. जामखेड रस्त्याच्या कडेला इंग्रजांच्या वेळची एक दगडी इमारत होती, ती उतरवायचं काम गोरक्षनाथानं घेतलं होतं. बरोबर त्याचा मेहुणा भीमा. भीमा म्हणजे धाकट्या बहिणीचा, मनकर्णाचा नवरा. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं आणि मनकर्णाला सातवा महिना होता.

त्या इमारतीला आसपासचे लोक जादूघर म्हणायचे. दारावरच्या दगडात गुण्या आणि कर्कटक कोरलेलं होतं. गुण्या तर आपलं रोजचं अवजार, काटकोन बघायचं. गोरक्षला त्याचं फार नवल वाटायचं. "हितं आपल्या धंद्यातलं कोन राहत हुतं?" त्यानं एकदा चहाच्या वेळी राखणदाराला विचारलं.

राखणदार रंगनाथ म्हातारा होता. त्याचा बाप तिथं साहेबांचा स्वयंपाकी होता.

"मूळचे गवंडीच म्हनायचे," रंगनाथ म्हणाला. "विलायतेत मोठाली चर्चं बांधनारे. एकेक चर्च बांधाया पिढ्या जायच्या. मानसं गावोगाव फिरायची. नवा कुनी कामावर आला की खरा कारागीर हाय का भोंदू, ह्ये कसं कळावं? म्हनून त्यांनी खुना ठरवल्या. हात कसा धरायचा, शब्द कंचा सांगायचा. म्होरं चर्चं बांधनं कमी झालं, आन् त्यांच्यात सायेब लोक शिरले. वकील, सरदार, पलटनीतले कप्तान. थापी कुनी धरलेली न्हाई. पन अवजारं तीच ठेवली, खुना त्याच ठेवल्या. कमरंला पांढरं कातडं बांधायचे आन् दार लावून बसायचे. म्हनं, दगड घडवत्यात तसा मानूस घडवायचा."

"मंग एक भित तरी बांधली का त्यांनी?" गोरक्ष म्हणाला.

"भितीचं न्हाई ठाऊक. जेवायचे मातुर झकास."

भीमाला हसता हसता चहाचा ठसका लागला.

"हसा," रंगनाथ म्हणाला. "माझ्या बापाला त्या हॉलात पाऊल टाकू दिलं न्हाई. दाराबाहेर एक जन उपसलेली तलवार घिऊन उभा असायचा. बाहेरून तीन ठोके, आतून तीन ठोके, की नवा मानूस आत. त्याला शपथ द्यायचे. आतलं बाहेर बोलायचं न्हाई. सभा मिटताना आतून तीन ठोके यायचे, आन् बाहेरच्यानं तीन द्यायचे. तवर बाहेरच्यानं जागा सोडायची न्हाई. सोडली तर नवा मानूस आतच राहतो, आसं बाप सांगायचा."

"तुझा बाप सायबाची उरलेली बाटली लावत असंल," गोरक्ष म्हणाला. पुन्हा हशा झाला. तिथंच ते बोलणं संपलं.

त्या रात्री भिंगारला भीमाच्या घरी जेवताना गोरक्षला आठवलं, ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन, जादूघराच्या हॉलात राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसगावला एका घराची चौकट बसवायची होती. षष्ठीचा मुहूर्त. आणि गोरक्ष दुसऱ्याचा ओळंबा हातात धरत नसे.

"चला, लुना काढतो," भीमा म्हणाला.

मनकर्णा दारापर्यंत आली. "दादा, ह्यांना एकटं सोडू नका. लई धांदरट हायेत. जसं नेताय तसं आनून द्या."

"दिलं," गोरक्ष म्हणाला.

थंडी पडली होती. शाळवाच्या रानातून वारा येत होता. चंद्रकोर मावळलेली. लुनाचा दिवा इंजिन चालू असलं तरच लागायचा, म्हणून भीमानं ती जादूघराच्या दारासमोर आणून तशीच धडधडत ठेवली. संध्याकाळी दार सताड उघडं टाकून दोघं गेले होते. आता ते लावलेलं होतं.

बाजूच्या खोल्या उतरवल्यानं चौकट सैल झाली असणार. गवंड्याची एक सवय असते. जुन्या बांधकामाखाली जायच्या आधी हातोड्यानं ठोकून बघायचं. भरीव वाजतंय का पोकळ, ते कळतं. साप-विंचू असला तर तोही हलतो. गोरक्षनं काही विचार न करता पिशवीतून हातोडा काढला आणि ठोकलं.

ठक. ठक. ठक.

भरीव वाजलं.

मग आतून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

"रंगनाथबाबा हाय वाटतं आत," भीमा म्हणाला आणि त्यानं दार ढकललं. लुनाचा उजेड आत पडला. काळ्या-पांढऱ्या फरशा. माणूस कुणी नव्हता. पार कोपऱ्यात ओळंबा दिसत होता.

"दादा, तुमी लुना धरा, बंद पडंल. मी आलोच."

"थांब..." गोरक्ष म्हणाला. पण तोवर भीमा आत गेला होता. चपला फरशीवर वाजत होत्या. चट... चट... चट...

दार मिटलं. हळूच. कुणीतरी आतून हातानं लावावं तसं.

लुना बंद पडली.

"भीमराव?"

काही नाही.

आत खुर्च्या सरकल्या. एक-दोन नव्हे. पुष्कळ माणसं एकदम उठून उभी राहिली, तसा आवाज झाला. मग शांतता. मग कुणीतरी खालच्या आवाजात काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत. विचारलंय, एवढं कळलं.

"गवंडी," भीमाचा आवाज आला.

पुन्हा विचारलं.

"गवंडी हाय, सायेब..."

आणि मग काहीच नाही.

गोरक्षनं दाराला खांदा लावला. दार हललं नाही. दुसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात शेजारी चामडं करकरलं. अगदी शेजारी. बुटाच्या पॉलिशचा वास आला. त्याच्या कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश. उभं राहून राहून थकलेल्या माणसासारखा.

त्यानं मान वळवली नाही.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. उजेड फिरला. रस्ता जवळच होता. पळाला असता तर ट्रकवाल्यानं घेतलाही असता. पाय मोकळे होते. कुणी धरलं नव्हतं.

मग त्याला रंगनाथचं बोलणं आठवलं. दाराबाहेरचा माणूस आता तो स्वतःच होता.

ट्रकचा आवाज विरला.

तो उभा राहिला. दाराला पाठ लावून. हातात हातोडा. शेजारी श्वास. गोरक्षच्या श्वासाबरोबर तो आत... त्याच्या श्वासाबरोबर बाहेर...

किती वेळ, ते त्याला आजही सांगता येत नाही.

ठक. ठक. ठक.

आतून.

गोरक्ष वळला. हात उचलेना. डाव्या हातानं उजवा धरून त्यानं ठोकलं.

ठक.

ठक.

तिसरा पडेना. शेजारचा श्वास थांबला होता.

...

ठक.

दार उघडलं. भीमा बाहेर आला. सदरा छातीच्या डाव्या बाजूनं उघडा. तुमानीचा डावा पाय गुडघ्याच्या वर गुंडाळलेला. उजव्या पायात चप्पल नाही. ओळंब्याची दोरी गळ्यात फास घालून बांधलेली, आणि ओळंबा उघड्या छातीवर लोंबत होता. संथ. एका रेषेत.

"भीमराव... काय झालं रं आत?"

भीमानं आडवा पंजा गळ्यावरून ओढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. 

लुना पहिल्या पायडलला चालू झाली. पण ओढेना. रस्ता सपाट, दोघंच माणसं, तरी मागचं चाक पार बसलेलं. गोरक्षनं मागं पाहिलं नाही. मागं भीमा होता. भीमाच्या मागं जागा नव्हती.

मनकर्णानं दार उघडलं. नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडायला लागली. भीमा तिच्याशी चांगलं बोलला. पाणी मागितलं. भाकरी खाल्ली. तेवढं एक विचारलं की मात्र पंजा गळ्यावर जायचा.

तात्या थांबले. शेकोटीतली फळी खाली बसली.

"अजून जातो?" करणनं विचारलं. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"अजून. पोरगं झालं, मोठं झालं. त्यानं इचारलं तरी जातो."

"मंग पुढं काय झालं, तात्या?"

"म्होरं काय? गोरक्षनं ते काम सोडलं. दुसऱ्या कुनी ती इमारत पाडली." तात्यांनी घोंगडं खांद्यावर ओढलं. "त्या रातीच्या दुसऱ्या सकाळी मला भीमाच्या घरून बोलावनं आलं. म्हनून मी गेलो. भीमानं आठच दिवसांमागं घराला नवी पायरी बसवली हुती. काळा दगड. सोता घडवलेला, कडा अजून हाताला लागत हुत्या. त्या पायरीवर दोन खळगे पडले हुते. बुटांचे. शेजारी शेजारी."

"कुनी कोरले असतील."

"मी हात फिरवून पाह्यला, करण. छिन्नीचा एक घाव न्हाई. गुळगुळीत. शंभर वर्सं एकच मानूस एकाच जागी उभा राह्यला, तर दगड जसा झिजंल, तसा झिजलेला."

करणनं शेकोटीत आणखी एक फळी सरकवली.

"आन् टाचा दाराकडं," तात्या म्हणाले. "तोंड रस्त्याकडं."