धोंडुबाईच्या माळेतली जागा

आटपाडीच्या शाळेत मी शास्त्र शिकवत होतो. मूळचा रत्नागिरीचा, म्हणून गावात शंख-शिंपल्यांतला जाणकार मीच. आटपाडीत शिंपले कुणाला सापडणार, कप्पाळ! प्यायच्या पाण्याचीच मारामार.

माझ्या भिंतीला लागून धोंडुबाई राही. यमाईची आराधीण, गळ्यात कवड्यांची माळ. बेचाळीस साली तिचा एकुलता एक जोतिबा पलटणीबरोबर बोटीवर चढायला निघाला, तेव्हा तिनं माळेतली एक कवडी सोडवून त्याच्या दंडाला बांधली. माळेत तिथं नुसती गाठ राहिली. गेलेला माणूस परत येऊन स्वतः ओवीपर्यंत ती जागा भरायची नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. पुढे बोट बुडाल्याचं कळलं. मेलेल्यांत जोतिबाचं नाव नव्हतं, वाचलेल्यांतही नव्हतं. म्हातारी उठता-बसता ती गाठ चाचपायची. मला तिची फार कीव यायची.

चैत्रातल्या एका दुपारी ती ओसरीवर आली.

"मास्तर, ह्ये बगा. जागा भरली."

गाठीच्या जागी कवडी होती. ओली. कवडीच्या फटीचा एक दात तुटलेला; लहानपणी जोतिबानंच तो दगडानं उडवला होता. कुणीतरी म्हातारीची चेष्टा केली म्हणून मला रागच आला.

मी कवडी उलटी केली. ओवण्यासाठी या कवड्यांची पाठ घासून भोक पाडतात. दोरा त्या भोकातून आरपार गेला होता. आणि दोऱ्याला वेढा घालत आतून काहीतरी करडं, मऊ बाहेर सरकत होतं. दोन बारीक शिंगं माझ्या बोटाकडे वळली.

कवडीतली गोगलगाय. कोकणात मी ती ढिगानं पाहिली होती. पाठ फोडल्यावर ती जगत नाही. मुळीच नाही.

माझ्या बोटांना समुद्राचा वास येत होता.

"जित्तं हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग त्यो बी जित्ता हाय."

ती हसली. घरी जाऊन तिनं दार लावून घेतलं.

दिवेलागणीला ती मीठ मागायला आली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले.

"कवडी वाटीत ठेवलीस का?"

"वाटीत मावत न्हाई आता. घंगाळ भरलंया."

मी होतं नव्हतं ते मीठ दिलं. पाण्याची कळशीही पुढे केली. तिनं मान हलवली.

"नगं मास्तर. जोत्याला गोडं पानी सोसत न्हाई."

मी कळशी खाली ठेवली.

भिंतीपलीकडे, तिच्या बंद घरात, पाणी जोरात हिंदकळलं.

"आले रं बाळा," म्हणत ती मीठ पदरात घेऊन लगबगीनं निघाली.