जळालेल्या पुस्तकाचा शेवट

“पुस्तक जळालं,” मी एका दमात सांगून टाकलं.

यवतमाळच्या दत्त चौकातल्या त्या छोट्या वाचनालयात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. एरवी रहस्यकथा आणायचं काम माझी मैत्रीण प्रभावती करायची. माझ्यासारख्या चर्चच्या पाळकाच्या मुलीनं खुनाची पुस्तकं मागितली, तर मिशनच्या आवारात बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागणार? पण आज प्रभावती रुसली होती, आणि तिचं रुसणं रास्तच होतं.

काउंटरमागच्या तरुणानं मान वर केली. सावळा, उंच... आणि डोळ्यांत असं काही हसू, की माझं अर्धं अवसान तिथंच गळालं.

“घराले आग लागली का?”

“नाही. मीच टाकलं आगीत.”

मग सगळं सांगावंच लागलं. आमच्याकडे उज्जीवन सभा होती, श्रद्धा पुन्हा चेतवायची. बाहेरगावचे उपदेशक आले होते. भजनं इतकी रंगली, की सगळ्यांचे डोळे पाणावले. शेवटी अंगणात शेकोटी पेटवून ते म्हणाले, ज्याला जे जगाचं, देवापासून दूर नेणारं वाटतं, ते त्यानं इथं टाकावं. कुणी विड्या टाकल्या, कुणी सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या. माझाही ऊर भरून आला. धावत जाऊन गादीखालचं पुस्तक आणलं आणि दिलं टाकून! सकाळी जाग आली तेव्हा लक्षात आलं... पश्चात्ताप माझा होता, पण पुस्तक वाचनालयाचं होतं, तेही प्रभावतीच्या नावावर घेतलेलं.

तो इतका हसला, की आतून त्याचे मामा ओरडले, “नरहर, काय झालं बे?”

“काही नाही, मामा. एक पुस्तक स्वर्गात गेलं.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “कुठवर वाचलं होतं?”

“हवेलीतला दिवा विझतो... तिथवर.”

“अरेरे! ऐन तिथंच! दुसरी प्रत येईल तेव्हा येईल. पण गोष्ट माह्या डोक्यात आहे. बाजाराच्या दिवशी येत जा, थोडी थोडी सांगतो.”

नाही म्हणायला हवं होतं. मी मान डोलावली.

मग दर बाजाराच्या दिवशी माझ्या पिशवीतली मेथी सुकायची आणि नरहरची गोष्ट फुलायची. कधी माळ्यावर संशय, कधी विधवा आत्यावर. ज्याच्यावर मी बोट ठेवीन, तो पुढच्या आठवड्यात हटकून मेलेला असायचा.

“तुमच्यात हे ऐकणं पाप नाही का?” एकदा त्यानं विचारलं.

“बाबा म्हणतात, जग रहस्यामागं धावतं, कारण त्याला शेवट ठाऊक नाही. आम्हाला ठाऊक आहे. अन् शेवट ठाऊक असला, की माणसाला भीती नसते.”

“अन् तुम्ही काय म्हणता?”

“मी म्हणते, ‘पुढं काय?’ विचारायची खोड देवानंच लावली असेल... नाहीतर इतकी गोड कशी लागली असती?”

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी उगाच शाल सावरली.

एकदा गोष्टीत नवीनच मुलगी आली. पांढरी साडी, वेणीत शेवंती, आणि हसताना तोंडावर पदर धरायची सवय.

“अशी कोणीच नाही त्या पुस्तकात!” मी म्हणाले.

“तुम्ही पुढचं वाचलंच कुठं?”

मी पटकन खाली बघितलं. तोंडावरचा पदर मात्र तसाच राहिला.

नाताळ झाला आणि बाबांनी सांगितलं, मिरजेला नर्सिंगमध्ये जागा मिळाली. बाबांचा जीव माझ्यावर, माझा त्यांच्यावर. पाळकाची एस्तेर आणि कोर्टातल्या कारकुनाचा नरहर... हे नुसतं मनात आणलं तरी दोन घरं रडली असती. म्हणून आम्ही कधी काही बोललोच नाही. खुन्याबद्दलच बोलत राहिलो.

निघायच्या दिवशी मिशनच्या दवाखान्यातल्या हंसाबाई माझ्या सोबतीला होत्या. छोट्या रुळांच्या आगगाडीत बसल्या बसल्या त्या पेंगू लागल्या. गाडी सुटता सुटता कुणीतरी आत चढलं. नरहर!

“दारव्ह्यापर्यंत येतो,” तो धापा टाकत म्हणाला. “शेवट सांगायचा राहिला.”

पण सांगेना. खिडकीबाहेर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची शेतं सरकत होती. ती गाडी म्हणजे बैलगाडीची बहीण, तरी त्या दिवशी मला ती फार जोरात पळतेय असं वाटलं. दारव्हा आलं. तो दारात उभा राहिला.

“खुनी डॉक्टर होता, एस्तेर.”

“माहीत आहे.”

“म्हणजे?”

“पाळकाच्या घरची मी. शेवट आधी ठाऊक असायची सवय. कुठलंही पुस्तक हाती आलं, की मी शेवटचं पान आधी वाचते... तेही वाचलं होतं.”

“मग इतके दिवस येत काहून होती तू?”

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला.

“गोष्टीसाठी नव्हते येत,” मी म्हणाले. डोळे भरून आले होते, तरी पदर तोंडावर नेला नाही. “तुमच्यासाठी येत होते.”

गार्डनं शिट्टी दिली. नरहर खाली उतरला आणि माझ्या खिडकीचा गज धरून चालू लागला.

“ती पांढऱ्या साडीतली मुलगी...” मी विचारलं, “तिचं पुढं काय होतं?”

“परत येते ती.”

“पुस्तकात नाही हे.”

“नाहीच. म्हणून तर सांगून राह्यलो!”

गज त्याच्या हातून सुटला. हंसाबाई जाग्या होऊन म्हणाल्या, “काय झालं गं? रडतेस काहून?”

शेवट ठाऊक असला की भीती नसते, असं बाबा म्हणतात. मी हंसाबाईंचा हात घट्ट धरला. मला फार भीती वाटत होती.