रानबाने चार्ज घेतला

"रानबा, माझा पाय मुरगळलाय. आता तूच चार्ज घे!" सुरंगीची आई वायरलेसवर ओरडली. आणि रानबाने काय करावं? तो शांतपणे भिंतीशी गेला आणि पाठीतली वायर सॉकेटात खुपसून उभा राहिला!

रानबा म्हणजे वनचौकीवरचा यंत्रमानव (रोबो). सन २०६१च्या त्या भर उन्हाळ्यात समोरच्या डोंगराला वणवा लागला होता. सुरंगीची आई, वनरक्षक शेवंताबाई, एकटीच तिथे जाळरेषा (आग अडावी म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायला गेली होती.

दहा वर्षांची सुरंगी चौकीत दारापासून खिडकीकडे, खिडकीपासून दाराकडे येरझारा घालत होती. धूर वर चढत होता. वायरलेसवर आता नुसती खरखर.

"अरे, तुझी बॅटरी तर भरलेली आहे!"

"ब्याण्णव टक्के. पण ताई चार्ज घे म्हणाल्या. चार्ज म्हणजे वीज. रोज हेच ऐकतो मी."

"सोमवारी नव्या साहेबांनी चार्ज घेतला, तेव्हा त्यांना कुणी प्लग लावला होता का?"

"नाही. त्यांनी जबाबदारी घेतली."

"मग? शब्द एकटा नसतो रे! त्याच्या शेजारी काय आहे ते बघ. 'पाय मुरगळलाय', 'आता तूच'. यात वीज कुठाय?"

रानबाचे डोळे लुकलुकले. "संदर्भ (मागचे-पुढचे शब्द आणि प्रसंग)! त्यावरून अर्थ ठरतो. ताईंचं काम मी करायचं." वायर उपटून तो धावलाच.

सुरंगी चौकीतल्या संगणकाच्या पडद्याला चिकटली. रानबाच्या कॅमेऱ्यातून आई दिसली, खडकाला टेकलेली. तेवढ्यात आई किंचाळली, "गवा चार्ज करतोय!"

रानबा थबकला. हा तिसरा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता!

"गव्याला वायर नाही," रानबा पुटपुटला. "हुद्दाही नाही. मान खाली, धावतोय, ताई घाबरल्यात... म्हणजे हल्ला!" तो आईपुढे उभा ठाकला आणि त्याने असा भोंगा वाजवला की आगीने बिथरलेला गवा वळून दरीकडे पळाला.

उन्हं उतरेपर्यंत रानबाने पट्टा पुरा केला. आग तिथेच अडली. मग आईला पाठुंगळी घेऊन तो चौकीवर आला.

"हल्ला हा अर्थ तुला कुणी शिकवला?" आईने विचारलं.

"कुणीच नाही. शेजारच्या गोष्टींनी."

आईच्या पायाला हळद लावणारी सुरंगी एकदम थांबली. "आई, वानरं वेगवेगळं ओरडतात ना? प्रत्येक ओरडण्याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं, ते रानबा आणि मी टिपून ठेवलं तर?"

आई कण्हता कण्हता हसली. "पहाटे उठावं लागेल हं."

सुरंगी वही शोधायला आत पळालीसुद्धा.