साहेब सांगेपर्यंत

बॅटरी विझवा रे. उद्या ऊन पडेल न पडेल, चार्ज कुठून करणार? अंधारातच ऐका. बनवाबनवी नाही, माझ्या सख्ख्या मेहुण्याची, सिप्रियानोची गोष्ट आहे.

गेल्या सात ऑगस्टची रात्र. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचं लग्न. गावजेवण अंगणातल्या खड्ड्यात, तापल्या दगडांवर शिजायचं. त्याच्या आजीपासून तोच खड्डा. संध्याकाळी सिप्रियानोने तो स्वतः तळापर्यंत उपसला, टणक माती लागेस्तोवर. जुने दगड तडकले होते, म्हणून ढकलगाडी घेऊन तो नदीवर गेला.

त्याच दिवशी सकाळी आमच्या ग्वादालकनाल बेटावर परदेशी पाहुणे आले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईची आठवण म्हणे. हार, बँड, भाषणं. आपली कुठे होती ती लढाई? जपानी आणि अमेरिकन भांडले. रोज सकाळी विमानं, दुपारी डोंगरात बंदुका, रात्री समुद्रातून तोफा. ओझी मात्र आमच्या माणसांच्या खांद्यावर. हमालांचं नाव भाषणात आलं, एका ओळीत, जेवणाची घाई असताना. सिप्रियानो हे सगळं मागे उभा राहून ऐकून आला होता आणि दिवसभर चिडलेला होता.

दगड भरून तो नारळीच्या बागेतल्या जुन्या रस्त्याने परतत होता. चांदणं होतं. समोरून एक माणूस आला. खांद्यावर लांबट, जड काहीतरी, गोणपाटात गुंडाळलेलं. गुडघे वाकलेले.

आपल्याकडे ओझेवाला भेटला की पहिलं काय म्हणतात? सिप्रियानोही तेच म्हणाला.

"दादा, ठेव खाली. सुपारी खा."

"ठेवता येत नाही," माणूस म्हणाला. "साहेब सांगेपर्यंत ठेवू नको म्हणालाय."

"कसला साहेब? साहेब जेवून झोपला असेल."

माणूस हसला नाही. हात मोकळा नव्हता, म्हणून सिप्रियानोने सुपारीला चुना लावून त्याच्या तोंडात घातली.

ओठ गार होते...

"कुठं ठेवू?" माणसाने विचारलं. अगदी हळू. दमलेला.

सिप्रियानोला त्याची दया आली. त्यात सकाळचा राग. तो थट्टेने म्हणाला, "माझ्या अंगणात ठेव. चुलीचा खड्डा रिकामा आहे. साहेबाला मी बघतो."

माणसाने पहिल्यांदा वर पाहिलं.

"तू सांगतोस?"

"सांगतो की."

माणूस वळला. गावाच्या दिशेने चालू लागला. वाळक्या झावळ्यांवरून...

आवाज नाही.

सिप्रियानोने गाडी तिथेच टाकली. पळत घरी आला. खड्ड्यात डोकावला. रिकामा. टणक माती. स्वतःशीच हसला, झोपला. बायकोला काय सांगणार? दारू प्यायलात म्हणाली असती.

पहाटे बायकोच्याच, फेलिस्ताच्या आवाजाने जाग आली. तिने खड्ड्यात लाकडं रचली होती. भोवती बायका, कंद सोलत. नवरी मुलगी काडी ओढत होती. सिप्रियानोला रात्रीचं ते लांबट, जड ओझं आठवलं.

"थांब!"

त्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं. लाकडं उपसून फेकू लागला. फेलिस्ता म्हणाली, "लग्नाच्या दिवशी वेड लागलं का तुम्हाला? व्याही बघतायत." त्याने कुदळ उचलली. मग ती टाकून देऊन हातांनीच माती उकरू लागला.

वीतभर खाली...

लोखंड.

दुपारी बॉम्ब काढणारे पोलीस आले. तोफगोळा म्हणाले, लढाईपासून इथेच पडलाय, अजून जिवंत आहे. तीन पिढ्या त्याच्यावर जेवणं शिजवलीत, नशीब तुमचं. जाताना अंगणाला दोरी बांधून गेले. आणखी असतील म्हणाले. लग्न लांबणीवर पडलं. त्या घरात आता अंगणात चूल पेटत नाही. ज्यांचे गोळे, ते हार घालून विमानाने केव्हाच गेले होते.

तो माणूस कुणाचा आजा होता, कोण जाणे. आपल्या प्रत्येक घरातला एक तरी तेव्हा ओझी वाहायला गेलाय. एवढी वर्षं ओझं घेऊन उभा होता, आणि 'ठेव' म्हणणारा शेवटी आपलाच माणूस निघाला.

गोळा गाडीत चढवताना सिप्रियानो जवळ गेला. गोळ्यावर एका जागी लाल डाग होता. पोलीस म्हणाला, गंज आहे.

सिप्रियानोने बोट लावलं.

ओलं होतं. नाकाशी नेलं.

सुपारी... आणि चुना.