कोणीच घाबरलं नाही

दुपारच्या नागपूर-कोची विमानात चहाची ट्रॉली मागे नेताना रेवती टेंभेकरला वायर जळाल्याचा वास आला. मागच्या छोट्या स्वयंपाकघराच्या छतातून धूर सुटला होता. तिच्या जोडीदारानं, फर्नांडिसनं, मुखवटा चढवला आणि आग विझवायचं नळकांडं उचललं.

"वायू सोड," तो म्हणाला. तिनं भिंतीवरचं निळं बटण दाबलं.

शमवायू विमानांत येऊन वर्ष झालं होतं. आणीबाणीत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून हा बिनवासाचा वायू सोडायचा, की माणसाच्या मेंदूतली भीती तासभर झोपी जाते. कर्मचाऱ्यांच्या नाकात मात्र बारीक गाळण्या असत. घाबरायची मुभा फक्त त्यांना होती, आणि रेवती ती पुरेपूर वापरत होती.

धूर रांगांवरून पुढे सरकला. लोक खोकत होते आणि खोकता खोकता सिनेमा बघत होते.

"टॉयलेटमध्ये कोणी आहे का?" ती ओरडली. उत्तर द्यायची कोणाला निकडच वाटली नाही. एक आजोबा तेवढे म्हणाले, "दमलेल्या दिसता. बसा जरा."

विमान वाटेतल्या विमानतळावर घाईनं उतरवलं. दारं उघडली, घसरगुंड्या फुगल्या. "पट्टे सोडा, बाहेर चला!" रेवतीनं घसा फोडून सांगितलं. कोणी जागचं हललं नाही. पळावंसं वाटायला जे लागतं, तेच तिनं आपल्या हातानं काढून घेतलं होतं. एवढी माणसं आता बसल्या जागी गुदमरून जाणार होती.

मग तिला सुचलं. तिनं पट्ट्यांचा दिवा बंद केला. टिंग असा आवाज झाला, आणि अख्खं विमान उभं राहिलं. वरचे कप्पे खडाखड उघडले, दाराकडे रेटारेटी सुरू झाली. याच सवयीवरून ती रोज मनात प्रवाशांचा उद्धार करायची. आज दारात उभी राहून तिनं बॅगा हिसकावल्या आणि एकेकाला खाली लोटलं.

बाहेर गवतावर सगळे सहलीला आल्यासारखे बसले. रेवती धापा टाकत होती, तेवढ्यात एका बाईनं हसून तिच्या दंडाला हात लावला.

"ताई, माझी पोरगी टॉयलेटमध्ये गेली होती. राहून गेली वाटते आतमध्ये."

रेवती अग्निशमन दलाच्या शिडीवरून पुन्हा आत शिरली. कोणी अडवलं तेही तिला कळलं नाही. काळ्या धुरात ती चाचपडत मागे गेली. दारावर धडका नव्हत्या, हाका नव्हत्या. दार उघडलं तर पाच-सहा वर्षांची मुलगी गुडघे जवळ घेऊन बसलेली, अर्धवट शुद्धीत. तिलाही भीती वाटली नव्हती, म्हणून ती ओरडलीच नव्हती.

रुग्णवाहिकेत प्राणवायू लावल्यावर पोरीनं डोळे उघडले. "वाचली," डॉक्टर म्हणाले. आईनं मान डोलावली आणि लेकीच्या कपाळावरची काजळी पदरानं सावकाश पुसली. ओठांवरचं हसू अजून तसंच होतं.

रेवतीला तिचा राग आला नाही. तिला तिच्यासाठी भीती वाटली. थोड्याच वेळात वायूचा अंमल उतरेल, आणि आपण काय बोललो, कसं हसत बोललो, ते या बाईला आठवेल. तेव्हा तिला कोणी काय सांगायचं?