उष्णनळी

अंटार्क्टिकातल्या गोठलेल्या सरोवरावर उभारलेल्या तंबूत त्र्यंबक घोडके पडद्यावरच्या दोन आकड्यांकडे पाहत होता. त्याच्या पायांखाली, बर्फाच्या जाड थराखालच्या एका पोकळीत, ज्युली डाबरे अडकली होती. शेवाळाचे नमुने घ्यायला ती आत शिरली आणि बर्फाचा कडा ढासळून वाट बुजली.

तिच्या पाठीवर हवेची टाकी नव्हती. कल्लायंत्र होतं. माशाच्या कल्ल्यांप्रमाणे ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू ओढून तिला पुरवी. ते त्र्यंबकनेच घडवलं होतं. तंबूतल्या बंबातून निघालेली उष्णनळी तिच्या पोशाखात गरम पाणी सोडत होती. ते अंगाभोवती फिरून बाहेर सरोवरात जाई. ज्युली वसईची, तळावर सर्वांत जास्त थंडी तिलाच वाजायची. म्हणून आज त्याने प्रवाह मुद्दाम वाढवला होता.

“सर, दम लागतोय,” तिचा आवाज आला. “यंत्र चालू आहे, तरी...”

खाली बर्फ पुन्हा सरकला. संपर्काची तार तुटली, पडदा कोरा झाला.

“पाणी अजून गरम करा,” तळाच्या डॉक्टर शहनाझ मुल्ला म्हणाल्या. “गारठ्याने हृदय थांबेल तिचं.”

त्र्यंबकचा हात बंबाकडे गेला आणि थबकला. शेवटचे दोन आकडे त्याच्या डोळ्यांपुढे होते. तिच्या भोवतालच्या पाण्याचं तापमान चढलं होतं आणि त्यातला प्राणवायू जवळजवळ निम्म्यावर आला होता.

“डॉक्टर, आपणच तिला गुदमरवतोय.”

“म्हणजे?”

“थंड पाणी प्राणवायू धरून ठेवतं, तापलं की सोडून देतं. चहाचं आधण ठेवलं की उकळीच्या आधीच भांड्याला बारीक बुडबुडे धरतात ना, ती पाण्यातलीच हवा. आपल्या बंबातलं पाणी तापताना इथंच प्राणवायू गमावून खाली जातं. एरवी ते सरोवरात पांगायचं. आता वाट बुजलीय. गरम म्हणून हलकं, त्यामुळे पोकळीच्या छताशी साचतंय. आणि ती तिथंच आहे.”

“नळी बंद केली तर?”

“बर्फाच्या भिंती ते पाणी निववतील. फटींतून ताजं पाणीही येईल.”

“पोशाख किती वेळ तग धरेल?”

“तासभर.”

“आणि बाहेर बर्फ पोखरतोय तो हिमवेधक तिच्यापर्यंत कधी पोहोचेल?”

“त्याहून उशिरा.”

शहनाझनी मनाशी हिशेब केला. “आधी ती कुडकुडेल, तेव्हा श्वास जास्त लागेल. मग अंग निवेल, तशी गरज घटेल. शुद्ध हरपेल. पण निवलेलं माणूस मी परत आणू शकते, घोडके. गुदमरलेलं नाही.”

त्र्यंबकने तोटी फिरवली. नळीची थरथर थांबली. तिला ऊब मिळण्याची ती एकच वाट होती आणि ती त्याने आपल्या हाताने बंद केली. बाहेर हिमवेधक घरघरत राहिला. त्र्यंबकने हातमोजे काढून ठेवले होते, पुन्हा घालायचं त्याला सुचलं नाही.

ज्युलीला वर काढलं तेव्हा तिचे ओठ निळे होते. शहनाझनी मानेवर बोटं ठेवली आणि खूप वेळ उचलली नाहीत. मग त्यांनी मान डोलावली. नाडी होती, अगदी मंद. पाण्यात असेपर्यंत कल्लायंत्राने तिला प्राणवायू पुरवला होता.

तिला हळूहळू ऊब दिली. डोळे उघडून ती माणसं ओळखू लागली, तसा त्र्यंबक खाटेजवळ बसला.

“ज्युली, तुला सांगायचंय. नळी मी बंद केली. तुला गारठवणं भाग होतं.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. “बंद केलीत? मला कळलंच नाही, सर. मी आधीच काढली होती.”

“काय?”

“तार तुटली, तुम्हाला सांगायची सोय उरली नाही, तशी लगेच. पोशाखातून उपसली आणि तोंड फटीतून बाहेर ढकललं. तुमचंच यंत्र ना, गरम पाण्यात ते उपाशी राहणार हे तुम्हीच शिकवलंत. पण वाटलं, काळजीपोटी तुम्ही वरून आणखी गरम पाणी सोडाल. मग बंद कोण करणार?”

त्र्यंबकने विचारलं, “फार थंडी वाजली?”

“फार,” ती म्हणाली. “पण श्वास येत होता.”

त्याने उठून तिच्या पायांवर आणखी एक पांघरूण घातलं.